लहान मालमोटार : पारख आणि दुरुस्ती

सांगवी हें गांव मुळा व पवना ह्या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें आहे. नदीपलीकडे औंध, शेजारीं दापोडी, आणि उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने, अशा ठिकाणीं आपली वस्ती असल्यामुळें येथील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चार लहान चाकांवर चालतो. पहाटे भाजी, दुपारीं कारखान्याचे सुटे भाग, सायंकाळीं कोणाचें तरी घरसामान, असा माल वाहून जी मिळकत होते तींतूनच मुलांची फी, घरभाडें आणि औषधपाणी भागतें. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य थोड्यांनाच असतें. बहुतेकांना ती दुसऱ्या हातची घ्यावी लागते. घरांतील शिल्लक आणि कधीं कधीं माउलीचे दागिनेही ह्या एका व्यवहारांत जातात. म्हणून जुनी मालमोटार कशी ओळखावी व तिची दुरुस्ती कोणत्या क्रमानें करावी, ह्याची माहिती विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना असणें अगत्याचें आहे.

ह्या गाड्यांचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस जपानांत जावें लागतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत लोकांजवळ पैसा थोडा होता आणि रस्ते अरुंद होते. तेथील सरकारनें १९४९ सालीं अगदीं लहान वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग ठरविला. ह्या वर्गास ‘केई’ असें म्हणतात. त्यांतील इंजिनाच्या आकारमानाची मर्यादा १९५५ पासून ३६०, १९७६ पासून ५५० व १९९० पासून ६६० घनसेंटिमीटर अशी वाढत गेली. आज अशा गाडीची लांबी ३.४० मीटरांहून व रुंदी १.४८ मीटरांहून अधिक असूं नये आणि तिनें ३५० किलोहून अधिक माल वाहूं नये, असा तेथील नियम आहे. दायहात्सूची ‘हायजेट’ १९६० सालीं आणि सुझुकीची ‘कॅरी’ १९६१ सालीं निघाली. ही सुझुकी कंपनी हमामात्सु येथें १९०९ सालीं कापडाचे माग बनविण्यासाठीं सुरू झाली होती, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

जपानांत वापरलेल्या अशा गाड्या जगाच्या अनेक भागांत जातात. पंचवीस वर्षें पुरीं झालेली गाडी अमेरिकेंत व पंधरा वर्षें झालेली कॅनडांत नेतां येते. आपल्याकडे मात्र नियम उलट दिशेचा आहे. वापरलेली गाडी बाहेरून आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचें स्टिअरिंग उजवीकडे असावें व ती मुंबई बंदरांतूनच यावी. शिवाय जकात भारी. त्यामुळें अस्सल जपानी ‘केई’ मालमोटार आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाहीं. परंतु तिचें कुळ येथें दुसऱ्या वाटेनें आलें. १९८२ सालीं मारुती उद्योग व सुझुकी ह्यांचा करार झाला आणि १९८४ सालीं ‘कॅरी’च्या घडणीवर बेतलेली मारुती व्हॅन बाजारांत आली. तिलाच पुढें ‘ओम्नी’ असें नांव मिळालें. तिची निर्मिती २०१९ सालीं थांबली. तरी जुन्या ओम्नी आजही माल वाहतांना दिसतात.

येथें एका गोष्टीची सावधगिरी बाळगली पाहिजे. बाजारांत गाडीचें जें नांव चालतें, तें तिचें खरें कुळ असतेंच असें नाहीं. ‘टेम्पो’ हा शब्दच घ्या. हें मूळ एका जर्मन कंपनीच्या वाहनांचें नांव. १९५८ सालीं निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीनें तीं तीनचाकी वाहनें आपल्याकडे तयार केलीं. पुढें आकुर्डीच्या ह्या कंपनीचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स असें झालें, तरी आपल्या बोलींत प्रत्येक लहान मालमोटार टेम्पोच राहिली! त्याच २००५ सालीं टाटांची ‘एस’ ही गाडी आली. लोक तिला ‘छोटा हत्ती’ म्हणतात. विकणारा तिलाही ‘जपानी इंजिनाची’ म्हणून पुढें करील. परंतु ती येथेंच आंखलेली गाडी असून तिचें पहिलें इंजिन दोन सिलिंडरांचें, ७०२ घनसेंटिमीटरांचें, डिझेलवर चालणारें होतें. ओम्नीचें ७९६ घनसेंटिमीटरांचें इंजिन तीन सिलिंडरांचें व पेट्रोलवर चालणारें. २०१६ सालीं आलेल्या ‘सुपर कॅरी’चें नांव जपानी ‘कॅरी’शीं जुळतें, परंतु ती आकारानें मोठी आहे, प्रथम तिला दोन सिलिंडरांचें डिझेल इंजिन होतें व पुढें चार सिलिंडरांचें आलें. एकाच्या नांवानें दुसऱ्याचा सुटा भाग आणला, तर पैसा जातो आणि गाडी उभी ती उभीच राहते.

मग खरी ओळख कोठें सांपडते? ती दारावरच्या अक्षरांत नसून सांगाड्यावर ठोकलेल्या चेसिस क्रमांकांत असते. आपल्या देशांतील हल्लींच्या गाड्यांवर हा क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्याचीं पहिलीं तीन अक्षरें कारखान्याचीं असतात. मारुती सुझुकीचीं ‘एमए३’, तर टाटांचीं ‘एमएटी’. जपानांतल्या जपानांत विकलेल्या गाडीवर सतरा अक्षरें नसतात. तेथें आधीं नमुन्याची खूण, मग एक आडवी रेघ व मग अनुक्रमांक असतो. ह्या खुणेचें महत्त्व केवढें आहे तें पाहा. ‘डीडी५१टी’ व ‘डीए६३टी’ ह्या दोन्ही सुझुकी कॅरीच आणि दोहोंचीं इंजिनें ६६० च्या वर्गांतलीं. परंतु पहिलींत झडपांची वेळ राखणारा दांतेरी पट्टा आहे, तर दुसरींत त्या जागीं सांखळी आहे. पट्टा ठराविक अंतरानंतर बदलावाच लागतो. तो तुटला कीं इंजिन जागच्या जागीं थांबतें. ओम्नीच्या इंजिनांतही असाच पट्टा आहे.

चेसिस क्रमांक वाचण्याची एक सोपी रीत आहे. त्या जागेवरील चिखल फडक्यानें पुसावा, वर पातळ कागद धरावा आणि पेन्सिलीचें टोंक आडवें करून हलकेंच घासावें. अंक कागदावर उमटतात. हा छाप नोंदणी-पुस्तकाशीं ताडून पाहावा व इंजिनाचा क्रमांकही तसाच जुळवावा. अंकांची ओळ वांकडी असेल, एखादा अंक लहानमोठा असेल, भोंवतीं घासल्याच्या किंवा जोडकामाच्या खुणा असतील, अथवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी तेथून परतावें. चोरीची गाडी पैसे देऊनही आपली होत नसते.

कागदपत्रांतही कांहीं गोष्टी अवश्य पाहाव्या. गाडीवर बँकेचें कर्ज असल्यास नोंदणी-पुस्तकांत तशी नोंद असते. तें फिटल्याचें पत्र मिळाल्याविना व्यवहार करूं नये. भाड्यानें माल वाहावयाचा तर पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असलेली नोंदणीच हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ह्या कामीं कायद्यानें चालत नाहीं. व्यवसायाच्या गाडीस योग्यता-प्रमाणपत्र लागतें आणि गाडी आठ वर्षांहून जुनी झाली कीं तें दरवर्षीं नवें करावें लागतें. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळविलें पाहिजे. ‘मागाहून पाहूं’ असें म्हणून हें काम राहिलें, तर अपघाताच्या प्रसंगीं दोघांवरही संकट येतें.

आतां गाडीच्या अंगाकडे वळूं. दिसतें तसें नसतें, ही म्हण जुन्या गाडीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. एक लहानसा लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं, तेथें पत्रा गंजून गेला आहे व लांबी भरून वर रंग दिला आहे असें समजावें. मुळा-पवनेला पूर आला कीं आपल्याकडील सखल भागांत पाणी शिरतें, हें आपणांस ठाऊक आहेच. पुरांत बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकावयास येऊं शकते. आसनाखालीं, दिव्यांच्या कांचेच्या आंत व तारांच्या जुडग्यांत वाळलेला गाळ सांपडला, तर ती गाडी पाण्याखालीं गेली होती असें निश्चित समजावें. मागच्या कमानपाट्यांत जादा पाटा घातलेला असल्यास तिनें शक्तीबाहेर ओझें वाहिलें आहे, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. टायर एकाच कडेनें झिजला असेल, तर चाकांची ठेवण बिघडली आहे.

इंजिन रात्रभर थंड असतांना पाहावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर दुसरे दिवशीं यावें. धूर ही इंजिनाची नाडी आहे. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. काळा धूर निघाला तर इंधन अधिक व हवा कमी पडत आहे. पुष्कळदां नुसती हवेची गाळणी तुंबलेली असते. गार सकाळीं क्षणभर पांढरी वाफ दिसणें स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही ती चालूच राहिली आणि तेलाच्या झांकणाखालीं दुधासारखा फेस दिसला, तर थंडाव्याचें पाणी आंत शिरत आहे. तो खर्च मोठा.

पेट्रोल इंजिनाची खरी परीक्षा दाबमापकानें होते. ठिणगीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांतील दाब मोजतात. तिन्हींचे आंकडे जवळजवळ सारखे आले तर चिंता नाहीं. एकाचा दाब कमी आला, तर त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत, कारण तेलानें ती फट क्षणभर बुजविली. दाब वाढला नाहीं तर दोष झडपांत शोधावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल, तर मधलें गॅस्केट फुटलें असावें. डिझेल इंजिनांतील दाब फार मोठा असतो, म्हणून त्याला निराळें मापक लागतें. अशा दोन-तीन प्रश्नांनीं जें कळतें, तें सगळें इंजिन खोलूनही कित्येकदां कळत नाहीं.

दुरुस्तीचा क्रम आधींच ठरवून घ्यावा. पुष्कळ लोक गाडी घेतल्याबरोबर रंग, झालरी व गाण्याचें यंत्र ह्यांवर पैसे घालतात, आणि ब्रेक मात्र पुढच्या महिन्यावर टाकतात! खरा क्रम असा. आधीं प्राण वांचविणाऱ्या गोष्टी : ब्रेक, स्टिअरिंग, टायर व दिवे. नंतर इंजिन वांचविणाऱ्या गोष्टी : तेल, तेलाची गाळणी, पाण्याच्या नळ्या, रेडिएटर, पंख्याचा पट्टा आणि जेथें असेल तेथें वेळेचा दांतेरी पट्टा. हा पट्टा पूर्वीं केव्हां बदलला ह्याचा पुरावा नसेल, तर तो बदललाच नाहीं असें धरून चालावें. त्यानंतर गंज काढून सांगाड्याचें जोडकाम. रंग सर्वांच्या शेवटीं. सुटा भाग आणावयास जातांना जुना भाग व चेसिस क्रमांक दोन्ही बरोबर न्यावे. नुसतें ‘कॅरीचा द्या’ किंवा ‘टेम्पोचा द्या’ म्हणून मागूं नये.

विद्यार्थ्यांनीं वडिलांना हातभार अवश्य लावावा, परंतु कांहीं पथ्यें कडकपणें पाळावीं. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. भक्कम आधार द्यावा व बाकीच्या चाकांना अडण लावावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, कारण आंतलें उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. तारांचें काम करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. गॅसच्या टांकीला व तिच्या नळ्यांना स्वतः हात लावूं नये. तें काम त्या विद्येंत तयार झालेल्या माणसाचें आहे.

ह्या सर्वांपेक्षां स्वस्त व गुणकारी असें एक साधन प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आहे, तें म्हणजे वही. गाडी किती किलोमीटर चालली, तेल केव्हां बदललें, कोणता भाग किती रुपयांस आणला, हें त्या-त्या दिवशीं लिहून ठेवावें. वर्षभरानें त्या वहींतून गाडीची प्रकृति जशी कळते तशी ती कोणाच्या आठवणींतून कळत नाहीं. उद्यां गाडी विकावयाची झाली तर तीच वही प्रामाणिकपणाची साक्ष देईल आणि घेणाऱ्या कुटुंबाची फसवणूक टळेल. शेजारीं दापोडीस एस. टी. महामंडळाची मोठी कार्यशाळा आहे, आणि औंधला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथें मोटार दुरुस्तीचें पद्धतशीर शिक्षण मिळतें. ज्या मुलांचा कल यंत्रांकडे असेल, त्यांनीं तो मार्ग जरूर विचारांत घ्यावा.

एखाद्या घरीं जुनी मालमोटार घेण्याचा विचार चालला असेल, तर त्या घरच्या मुलानें किंवा मुलीनें येत्या रविवारीं एक पातळ कागद व पेन्सिल घेऊन वडिलांबरोबर जावें. आधीं क्रमांकाचा छाप घ्यावा, मग नोंदणी-पुस्तक वाचावें, मग धूर पाहावा, आणि हें सर्व झाल्यावरच किंमतीची गोष्ट काढूं द्यावी.