मालेगावचा सुपरमॅन आणि आपली मिसरीची डबी

टीव्हीवर कार्टून लागलं की पोरं गळ्यात टॉवेल बांधून खाटेवरून उड्या मारतात. प्रत्येकाला सुपरहिरो व्हायचं असतं. आपल्या मालेगावात तर मोठ्या माणसांनीही हा खेळ खेळला, आणि साऱ्या जगानं तो पाहिला.

इथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी 2000 साली मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. त्यात सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण. फैजा अहमद खान यांनी या खटपटीवर 2008 मध्ये माहितीपट केला. 2025 मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला.

पडद्यावर माणूस उडतो कसा? त्याच्या मागे हिरवं कापड लावून चित्रीकरण करतात. मग कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून टाकतात आणि तिथे आकाश बसवतात. माणूस जमिनीवरच असतो, आपल्याला तो ढगात दिसतो.

पण शरीराच्या बाबतीत अशी युक्ती चालत नाही. 2011 मध्ये शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. पडद्यावर गाव वाचवणारा हा माणूस ऐन तरुणपणी गेला.

तोंडाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तंबाखू. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण आपल्या घरातल्या डबीचं काय? मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. "दाढ दुखते म्हणून लावते," "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," असं आपण म्हणतो. मिसरी हे औषध नाही, ती सवय आहे. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

हा आजार सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच आपण फसतो. तेव्हा महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, तोंड उघडून बघा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवडे झाले तरी न भरलेली जखम आहे का? कुठे गाठ लागते का? तिखट खाल्लं की आग होते का? आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? यातलं काहीही खटकलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. लवकर कळलं तर उपचार सोपे होतात आणि माणूस बरा होतो. खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत, हे लक्षात ठेवा.

सवय एका दिवसात सुटत नाही. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. दोघी-दोघींनी जोडी करा, एकमेकींना रोज विचारा, "आज डबी उघडली का गं?" मिसरीचे वाचलेले पैसे वेगळे टाका आणि महिन्याअखेरीस मोजा.

आणि हो, घरातल्या धन्याचं, सासूबाईंचं तोंडही बघा. त्या रागावतील. रागावू द्या, पण बघाच.