चोपन्न सेंटिमीटरचा गोळा

लंडनच्या नॅशनल थिएटरात मायकेल फ्रेन यांचं ‘कोपनहेगन’ २८ मे १९९८ रोजी रंगमंचावर आलं. त्याच दिवशी पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात अणुचाचण्या केल्या. आपल्या पोखरणच्या त्या वर्षीच्या पहिल्या स्फोटांना तेव्हा सतराच दिवस झाले होते. असा मुहूर्त ठरवून मिळत नाही.

मंचावर तीन खुर्च्या आणि तीन मृतात्मे: भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर, त्यांची पत्नी मार्ग्रेथ आणि बोरांचा जर्मन शिष्य वर्नर हायझेनबर्ग. सप्टेंबर १९४१मध्ये नाझींच्या ताब्यातल्या कोपनहेगनला शिष्य गुरूकडे का आला, हेच तिघं पुन्हा पुन्हा उकरत बसतात. मला मात्र नाटकाचा जीव अणुबॉम्बच्या एका गणितात दिसतो.

युरेनियम-२३५चं केंद्रक न्यूट्रॉनने फुटलं की आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. गोळा लहान असेल तर बरेचसे बाहेर निसटतात आणि साखळी विझते. ती टिकायला लागणारा किमान माल म्हणजे क्रांतिक वस्तुमान.

६ ऑगस्ट १९४५च्या रात्री हायझेनबर्ग इंग्लंडमधल्या फार्म हॉलमध्ये नजरकैदेत होता. हिरोशिमाची बातमी ऐकून त्याने तिथेच या वस्तुमानाचा हिशेब मांडला, आणि खोल्यांत लपवलेल्या मायक्रोफोनांमुळे तो आपल्यापर्यंत पोचला. स्फोटाला न्यूट्रॉनांच्या ऐंशी पिढ्या हव्यात. न्यूट्रॉन झिंगलेल्या माणसासारखा भरकटतो, ऐंशी पावलं टाकून जेमतेम नऊ पावलं लांब जातो. पाऊल सहा सेंटिमीटरचं. म्हणून त्रिज्या ५४ सेंटिमीटर, वजन सुमारे एक टन. (मी कागदावर ताडून पाहिलं. एवढा गोळा साडेबारा टन भरतो!)

पण मूळ चूक वजनाची नव्हतीच. सगळ्या पिढ्या गोळ्यातच नांदायला हव्यात, हे गृहीतक चुकलं होतं. पुष्कळ न्यूट्रॉन निसटले तरी बिघडत नाही. दर फुटीमागे सरासरी एकाहून थोडे जास्त कामी आले की झालं. मग नुसता गोळा साधारण पन्नास किलोंचा, मोठ्या नारळाएवढा पुरतो. बर्मिंगहॅमला फ्रिश आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४०मध्येच हा प्रश्न हाताळला होता. त्यांचा आकडा उलट फारच कमी आला, एका पौंडाच्या आसपास; पण त्या आकड्यानेच ब्रिटनला कामाला लावलं.

नाटकात बोर विचारतात, हे गणित तू आधीच का केलं नाहीस? हायझेनबर्ग म्हणतो, उत्तर प्रचंडच येणार हे धरून चाललो, म्हणून. फ्रेन इथे खुंटा हलवून बघतात: हाच प्रश्न बोरांनी १९४१मध्ये विचारला असता तर?

फार्म हॉलमध्ये १४ ऑगस्टला हायझेनबर्गने सहकाऱ्यांपुढे तेच गणित नव्याने मांडलं. आठ दिवसांत आकडा टनावरून किलोंवर आला होता.