रायफलीचा बायोडेटा

एन.सी.सी.तल्या मंडळींना डी.पी. रायफल काय चीज आहे ते सांगायला नको. 'बाजू शस्त्र' करताना खांद्याची वाट लावणारं चार किलोचं धूड! पण ती कोतमध्ये परत जमा करण्याआधी तिच्या अंगावर काय लिहिलंय हे किती जण वाचतात? बोल्टच्या हँडलखाली, जिथे मागचा लाकडी बट लोखंडाला जोडला जातो, त्या भागाला बट सॉकेट म्हणतात. रायफलीचा बायोडेटा तिथे ठोकलेला असतो.

जुनी थ्री-नॉट-थ्री दिसली की आपण "ब्रिटिशांच्या काळातली" असं म्हणून मोकळे होतो. देवळालीला तोफखाना आणि त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी असलेल्या नाशकातसुद्धा! खरं म्हणजे बट सॉकेट वाचायला दोन मिनिटं पुरतात. मुकुट आणि त्याखाली 'जी.आर.आय.' दिसलं तर रायफल स्वातंत्र्यापूर्वीची. ह्या तीन अक्षरांचा लॅटिनमधला अर्थ 'जॉर्ज, राजा आणि सम्राट'. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ती स्वतंत्र भारताची. दोन्हींवर कारखान्याचं नाव एकच असू शकतं: ईशापूर. पश्चिम बंगालमधला हा रायफल कारखाना 1904 सालचा. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, पण मशीनं तीच आणि डिझाइनही जवळजवळ तेच. फक्त ठसा बदलला. मला हा बदल इतिहासाच्या पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा जास्त पटतो.

त्याखाली वर्ष आणि मॉडेल. 'नंबर वन मार्क थ्री' च्या पुढे चांदणी असेल तर ती पहिल्या महायुद्धातली काटकसर. उत्पादन वाढवायचं म्हणून मॅगझिन बंद करणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची जादा साईट काढून टाकली. कॉस्ट कटिंग आपल्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पुस्तकांनी शोधलेलं नाही! कुठेतरी छोटा बाण आणि त्याखाली इंग्रजी 'आय' दिसेल. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता आणि 'आय' म्हणजे इंडिया. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने ती रायफल विकून टाकली, म्हणजे खरीखुरी सरप्लस.

आता जिथे चूक महागात पडते ते. 1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरने ह्याच घराण्यातली '2ए' आणि मग '2ए1' रायफल काढली. लांबून बघितलं तर थ्री-नॉट-थ्रीच. पण तिची गोळी 7.62 मिलिमीटरची, म्हणजे जास्त दाबाची, आणि म्हणून पोलादही जास्त चांगलं. पुष्कळांना वाटतं की ही जुन्या रायफलीत बदल करून बनवली. तसं नाही, ती नव्याने बनवलेली आहे. साईटवरचा शेवटचा आकडा 2000 असेल तर 2ए, 800 असेल तर 2ए1. ह्याच्या उलट प्रकार म्हणजे .410 ची मस्केट. तीही दिसायला थ्री-नॉट-थ्री, पण नळी बदललेली आणि एका वेळी एकच गोळी. ब्रिटिश काळात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी केलेली, म्हणजे कोणी पळवली तरी लष्कराची गोळी तिच्यात चालू नये! तिघी बहिणी सारख्याच दिसतात. कोण कोणती हे फक्त ठसा सांगतो.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे लक्ष द्या. बॉडीवरचा नंबर बोल्टच्या हँडलवरही असतो. तो हौस म्हणून नाही. प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीत घासून बसवलेला असतो. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक ह्यांच्यातलं अंतर अगदी थोडं वाढलं तरी काडतूस मागून फाटू शकतं आणि गरम गॅस नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून दोन नंबर वेगळे दिसले की शहाणा आर्मरर आधी गेज मागतो. 'डी.पी.' असेल तर गेजचाही प्रश्न नाही. ती फक्त ड्रिलसाठी, फायरिंगसाठी बाद. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर मात्र ती मोडक्या लाकडाची मलमपट्टी समजू नका. ती ग्रेनेड फेकण्यासाठी दिलेली मजबुती आहे.

नकलांची गंमत वेगळीच. खैबर खिंडीच्या पट्ट्यात, दर्रा आदमखेलला, हाताने रायफली बनवतात आणि त्यावर ब्रिटिश ठसेही ठोकतात. बनवणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर 'एन' उलटा पडतो, नाहीतर स्पेलिंग चुकतं. कधी मुकुटाखाली 'व्ही.आर.', म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि खाली वर्ष 1919! राणी वारली 1901 साली. कॉपी करणाऱ्याने तारीख तरी बघायची ना!

कोणाच्या वाड्यात आजोबांच्या काळातली बंदूक निघाली तर ती पॉलिश पेपरने घासून चकाचक करायला घेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. "अँटीक आहे, चालतं" हेही अर्धवट खरं. सूट आहे ती जुन्यापुराण्या, मोडक्या आणि दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा शस्त्रांना. थ्री-नॉट-थ्री तर प्रतिबंधित बोअरची. म्हणून फोटो काढायचा आणि सरळ पोलीस स्टेशन गाठायचं.

आणि नंबर घासला तरी तो जातोच असं नाही. ठसा मारताना पोलाद दाबलं जातं, आणि दिसणाऱ्या अक्षराच्या खालीही काही अंतरापर्यंत धातूचे कण ताणलेले राहतात. मटेरियल सायन्समध्ये आपण स्ट्रेन म्हणून मार्कांपुरतं लिहितो तेच हे. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत ती जागा आरशासारखी गुळगुळीत करतात आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये कॉपर क्लोराइड घातलेलं द्रावण कापसाने फिरवतात. ताणलेला धातू आणि न ताणलेला धातू वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो, आणि आकडे हळूहळू वर येतात. एखादा आकडा आधी, एखादा नंतर, आणि काही तर द्रावण फिरत राहिलं की परत दिसेनासे होतात. म्हणून तिथे एकजण कापूस फिरवतो आणि दुसरा शेजारी कॅमेरा रोखून बसलेला असतो.