परसबाग आणि ससे

इंग्लंडमधील खेड्यांत वसंत ऋतू आला की घराच्या मागील अंगणात कोबी, गाजर, वाटाणा, घेवडा यांचे वाफे तयार होतात. थंडीचे महिने संपण्याची वाट पाहून माळ्याने बी पेरलेले असते. कोवळे कोंब हाताच्या बोटाएवढे वाढतात आणि एके दिवशी सकाळी पाहावे तो रांगच्या रांग जमिनीसरशी नाहीशी झालेली असते! वाफ्यात कोणी दिसत नाही. उरलेली असतात ती फक्त खुंटे आणि जवळपास पडलेल्या वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या.

चोर कोण हे त्या खुंटांवरूनच ओळखता येते. गोगलगाय पानांना भोके पाडते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाला ओढून तोडते आणि देठाची टोके फाटलेली राहतात. सशाचे पुढचे दात मात्र पटाशीसारखे धारदार असतात. त्याने तोडलेला देठ चाकूने तिरपा कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. हे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. ससा बहुधा पहाटे व संध्याकाळी चरावयास निघतो आणि माळी जागा होण्यापूर्वी आपले काम उरकून जातो.

हा ससा म्हणजे आपल्या माळरानावर उड्या मारीत जाणारा ससा नव्हे. आपल्याकडील रानससा बीळ करीत नाही. तो गवतात किंवा झुडपाखाली दबून बसतो आणि त्याची पिले अंगावर केस घेऊन, डोळे उघडूनच जन्मास येतात. युरोपातील ससा जमिनीत लांबच लांब बिळे खणून कळपाने राहतो. त्याची पिले जन्मतः उघडी व आंधळी असतात. घरोघरी हौसेने पाळलेला पांढरा ससा या युरोपीय सशाचाच वंशज होय. मादी सुमारे 30 दिवसांत पिलांना जन्म देते आणि वर्षातून अनेक वेळा विते. मग एका बागेत किती तोंडे येतील, याचा हिशेब न केलेलाच बरा.

ऑस्ट्रेलियातील लोकांना हा हिशेब फार महाग पडला. 1859 साली व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून आणलेले सुमारे दोन डझन ससे आपल्या जमिनीवर सोडले. अवघ्या 50 वर्षांत त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग व्यापला. त्यांना अडविण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात 1901 ते 1907 या काळात तारेची कुंपणे उभारण्यात आली. त्यांपैकी सर्वांत लांब कुंपण 1,833 किलोमीटर होते. परंतु ते पुरे होण्याच्या आधीच काही ससे पलीकडे पोहोचले होते. शिवाय कोठे वाऱ्याने जाळीशी वाळूचे ढीग साचत, तर कोठे वाटसरू फाटक उघडे टाकून जात.

परसबाग लहान असते, ही माळ्याच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. एवढे कुंपण नीट राखणे एका माणसाला सहज साधते. त्यासाठी बारीक छिद्रांची तारेची जाळी लागते. छिद्र 3 सेंटिमीटरपेक्षा मोठे असले तर लहान पिलू त्यातून आत शिरते. जाळी जमिनीवर सव्वा मीटरभर उंच असावी, आणि आणखी सुमारे 30 सेंटिमीटर जमिनीत पुरावी. पुरलेल्या भागाचा खालचा निम्मा पट्टा बाहेरच्या बाजूस वळविलेला असतो. यात खरी युक्ती आहे. ससा कुंपणाला नाक लावतो आणि तेथेच, अगदी जाळीच्या मुळाशी, खणू लागतो. थोडे खणताच त्याच्या नखांना ती आडवी जाळी लागते. चार पावले मागे सरून तेथून भुयार खणावे, हे सहसा त्याला सुचत नाही.

काही लोक उग्र वासाची द्रावणे शिंपडतात. पाऊस पडला की ती धुऊन जातात. सशाला न आवडणारी झाडे लावावीत असेही सांगतात, पण भुकेला ससा आवडनिवड फारशी पाहत नाही.

हिवाळ्यात हिरवा पाला नाहीसा झाला म्हणजे ससे फळझाडांच्या कोवळ्या सालीकडे वळतात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जाते. खोडाभोवतीची साल सर्व बाजूंनी कुरतडली गेली, तर मुळे उपाशी राहून हळूहळू झाड मरते. म्हणून प्रत्येक रोपाभोवती जाळीचे नळकांडे बसवितात. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात ते अधिक उंच ठेवावे लागते. कारण साचलेल्या बर्फावर उभा राहिलेला ससा तितकाच वर पोहोचतो.

कुंपण घालण्यापूर्वी एक काम मात्र विसरून चालत नाही. आत एखादा ससा राहून गेला आहे काय, हे प्रत्येक झुडपाखाली वाकून पाहावे लागते. नाही तर जाळी पक्की, फाटक बंद आणि कोबीच्या वाफ्यात पाहुणा निवांत बसलेला!