कथेचा गाभा कसा शोधायचा? जबलपूरच्या भोलारामला विचारा!

कथा वाचून झाल्यावर ‘विषय’ आणि ‘मध्यवर्ती कल्पना’ यांत आपली गल्लत होते. फरक समजून घ्यायला हरिशंकर परसाईंची ‘भोलाराम का जीव’ ही हिंदी कथा फार उपयोगी आहे. परसाई (1924–1995) जबलपूरलाच राहत. 1982 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कथानक असं: घमापूर मोहल्ल्यातला निवृत्त सरकारी नोकर भोलाराम मरतो, पण त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि यमलोकी पोहोचतच नाही. नारदमुनी शोधायला निघतात.

आता तीन प्रश्न विचारा.

1. अडचण कुठून येते? पाच वर्षं न मिळालेल्या पेन्शनमधून. यमदूताची चूक हे नुसतं निमित्त.

2. पुन्हापुन्हा काय येतं? अर्ज, फाईल आणि पैशांची मागणी. कचेरीतले साहेब तर नारदाची वीणाही मागून घेतात.

3. शेवटाने काय बदलतं? जीव सापडतो पेन्शनच्या फाईलमध्ये आणि स्वर्गात जायला नकार देतो.

म्हणजे विषय ‘लाचखोरी’. मध्यवर्ती कल्पना मात्र पूर्ण वाक्यात सांगावी लागते: निर्दय कारभार माणसाला मेल्यावरही मोकळं होऊ देत नाही.

वाक्य जमलं की ते कथेच्या शेवटावर तपासा. शेवटाचा अर्थ त्यातून लागत नसेल, तर गाभा अजून हाती आलेला नाही, पुन्हा वाचा. एखाद्या आवडत्या मराठी कथेवर हे करून पाहा आणि तुमचं एक वाक्य खाली नक्की लिहा.