दोन नट, चार भूमिका

तुरुंगात एक धिप्पाड कैदी निकोलस केजच्या अंगावर धावून येतो. केज आधी मार खातो, मग उलटतो, त्याला बेदम बडवतो आणि आपलं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगतो. चेहऱ्यावर विकट हसू. आणि बघता बघता त्याच हसण्यात डोळे भरून येतात. १९९७ सालच्या ‘फेस/ऑफ’मधल्या या काही क्षणांत केज नेमका कोण असतो? तो वठवतोय शॉन आर्चर हा एफबीआयचा सज्जन अधिकारी. त्या आर्चरच्या चेहऱ्यावर बसवलाय कॅस्टर ट्रॉय या दहशतवाद्याचा चेहरा. आणि तुरुंगात जिवंत राहायचं तर आर्चरला कॅस्टरचं सोंग घेणं भाग आहे. ज्याने आपल्या लहानग्या मुलाचा जीव घेतला, त्याचं नाव तो छाती ठोकून सांगतोय. डोळ्यांतलं पाणी तिथून आलेलं आहे. एका चेहऱ्यात इतके पदर, आणि बघणारा क्षणभरही गोंधळत नाही!

कथा ऐकायला अचाट वाटते, आणि आहेच. कॅस्टर बेशुद्ध पडलाय, त्याने लॉस एंजलिसमध्ये पेरलेल्या बॉम्बचा ठावठिकाणा फक्त त्याचा भाऊ पोलक्स जाणतो. म्हणून आर्चर शत्रूचा चेहरा लावून पोलक्सच्या तुरुंगात शिरतो. इकडे कॅस्टर शुद्धीवर येतो, आर्चरचा चेहरा चढवतो आणि थेट त्याच्या घरात नांदायला लागतो. आपल्याकडे दुहेरी भूमिका नवी नाही. एक नट मिशी लावून, भांग बदलून दोन भाऊ होतो. इथे मात्र जॉन ट्रॅव्होल्टा आणि केज या दोघांनीही तीच दोन माणसं साकारली आहेत, अर्ध्या वाटेवर अदलाबदल करून.

आता यातली खरी अडचण बघा. पटकथेत घशात चिप बसवून आवाजही बदलला जातो. म्हणजे चेहरा गेला, अंगकाठी गेली, आवाजही गेला. मग नटाच्या हाती उरलं काय? चाल. बोलण्याची लय. हात कुठे जातात, नजर किती वेळ टिकते, एखादा शब्द कुठे रेंगाळतो. आपण रोजच्या जगण्यातही माणूस याच खुणांवरून ओळखतो. लांबून, पाठमोरा जाणारा ओळखीचा माणूस चेहरा न दिसताही कळतो, तो असाच. या खुणा दोघांमध्ये एकसारख्या हव्यात म्हणून चित्रीकरणाआधी ट्रॅव्होल्टा आणि केज यांनी एकत्र बसून एकमेकांच्या लकबींचा अभ्यास केला होता.

सिनेमाच्या सुरुवातीला खरा कॅस्टर केजच्या रूपात थोडाच वेळ भेटतो. पाद्र्याच्या वेशात नाचणारा, शब्द चघळत बोलणारा, स्वतःवरच भाळलेला. हा भाग मला भडक वाटायचा. आता त्याचं प्रयोजन कळतं. पुढचा जवळजवळ अख्खा सिनेमा ट्रॅव्होल्टाला हाच माणूस पुढे न्यायचाय, आणि आपल्याला तो त्याच्यात ओळखायचाय. खूण ठळक उमटली नसती तर पुढे ती सापडली नसती. ट्रॅव्होल्टा ती उचलतो तेव्हा त्याची धीरगंभीर चाल सैल पडते, मान तिरकी होते, आवाजात लाडिक हेल येतात. स्वतःच्या हनुवटीकडे तो परक्या माणसाच्या हनुवटीकडे बघावं तसा बघतो आणि तिला नावं ठेवतो! नटाने आपल्याच चेहऱ्याविषयी इतकं अलिप्त व्हावं, हे विलक्षण आहे.

पण माझा सगळ्यात आवडता तपशील बुटाच्या नाडीचा. सुरुवातीला कॅस्टर धाकट्या भावाच्या बुटाची सुटलेली नाडी वाकून बांधतो. पुढे पोलक्स मरतो. त्याच्या मृतदेहाजवळ आता ट्रॅव्होल्टा आहे, आणि तो पुन्हा नाडी बांधतो. चेहरा वेगळा, बोटं वेगळी, पण माया त्याच माणसाची. एवढ्या निर्दयी खलनायकासाठी आपल्या पोटात कालवतं. कॅस्टर आणि पोलक्स ही ग्रीक पुराणातल्या जुळ्या भावांची नावं. आकाशात आपण ज्याला पुनर्वसू नक्षत्र म्हणतो, त्यातले दोन तेजस्वी तारे तेच.

दिग्दर्शक जॉन वू हाँगकाँगहून आलेला. ‘द किलर’ (१९८९) या त्याच्या सिनेमातही पोलीस आणि मारेकरी एकमेकांत स्वतःलाच बघतात. ‘फेस/ऑफ’मध्ये त्याने ही कल्पना शब्दशः उभी केली. दुतर्फा आरशाच्या दोन बाजूंना दोघे पिस्तुलं रोखून उभे. प्रत्येकाला समोर दिसतं आपलंच प्रतिबिंब, म्हणजे शत्रूचा चेहरा. दोघेही आरशावर गोळी झाडतात. नट जरा कमी पडले असते तर हा प्रसंग नुसती कसरत झाला असता.

सगळी सोंगं टिकतात, फसतो तो रक्तगट. आर्चरची बायको ईव्ह डॉक्टर आहे. शत्रूच्या चेहऱ्याचा माणूस तिला त्यांच्या पहिल्या भेटीची आठवण सांगतो आणि ती हादरते. मग शेजारी झोपलेल्या नवऱ्याचं रक्त गुपचूप काढून तपासते. ही ईव्ह जोन अ‍ॅलनने साकारली आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. अचाट कथेवर आपला विश्वास बसतो तो तिच्या चेहऱ्यावर आधी संशय, मग भीती, मग खात्री उमटते म्हणून.

सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा मधलीच दहा मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघा. फक्त खांदे, हात आणि पावलं बघा. कुठल्या चेहऱ्यात कोण आहे, ते लगेच कळेल.