वजन उचलताना डोके का ठणकते?
टिटवाळ्याहून सकाळची लोकल गाठायची म्हणून उपाशीपोटी, घाईत जिम उरकणाऱ्यांचे डोके कधी कधी तिथेच ठणकू लागते. मुख्य कारण रोखलेला श्वास. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब उसळतो. १९८५ च्या कॅनडातील एका अभ्यासात जड वजन पायांनी ढकलताना वरचा रक्तदाब ३०० च्या पुढे गेला होता. आखडलेली मान, कमी पाणी, रिकामे पोट यांची भर पडते. आधी थोडे खावे, पाणी प्यावे, वॉर्मअप करावा. उचलताना श्वास सोडावा, वजन हळूहळू वाढवावे. दुखणे वारंवार होत असेल तर रक्तदाब तपासून घ्यावा. मात्र अचानक असह्य कळ, उलटी किंवा अडखळते बोलणे म्हणजे मेंदूतील रक्तस्रावही असू शकतो. तेव्हा गोळीवर भागवू नये, थेट रुग्णालय गाठावे. लोकल पुढचीही मिळेल.